हाउन्सलोहून पश्चिमेकडे

शाळेतले किस्से घरातल्या प्लॅस्टिकच्या डब्यांसारखे साठत जातात. कुठून आले ते आठवत नाही, झाकणं केव्हाच हरवलेली असतात, पण टाकवत एकही नाही! माझ्याकडे चार वर्षांचे साठले आहेत, आणि त्यातले निम्मे एकाच विषयावरचे: अमेरिकन वेस्ट.

म्हणजे असं, की मी मूळची नागपूरची, आणि इंग्लंडमध्ये, विमानतळाला लागून असलेल्या हाउन्सलोच्या एका शाळेत हिस्टरी शिकवते. झाकलेल्या गाड्यांना बैल जुंपून गोऱ्या लोकांनी अमेरिकेचा पश्चिम कसा व्यापला, हे इथे जीसीएसईला, म्हणजे इथल्या दहावीला, शिकवायचं असतं. शिकणारी मुलं पंजाबी, सोमाली, पोलिश, तमिळ. डोक्यावरून सारखी विमानं जातात. विमान आलं की वाक्य जिथल्या तिथे थांबवायचं, गेलं की पुढे सुरू करायचं.

पहिल्याच आठवड्यात मी आमच्या विभागप्रमुख डेबीला विचारलं, "आपण इंग्लंडमध्ये बसून अमेरिका का शिकवतो?"

डेबीची निवृत्ती जवळ आली आहे आणि तिला आताशा कशाचंच आश्चर्य वाटत नाही. चहात दूध ओतत ती म्हणाली, "आमच्या हातून गेलेल्या गोष्टी आम्ही फार मन लावून शिकवतो, डियर. तू इंडियातून आलीस, तुला कळेलच!"

*

पहिल्या तासाला मी फळ्यावर प्रश्न लिहिला: माणसं पश्चिमेकडे का गेली? उत्तर म्हणून मला सुपीक जमीन, सोनं, धर्म असलं काहीतरी हवं होतं.

जसप्रीत नावाच्या मुलीने हात वर केला. "मिस, सगळेच जातात. माझे आजोबा साउथहॉलला उतरले. डॅडनी हाउन्सलोला घर घेतलं. काका स्लाऊला गेले. आता दीदी रेडिंगला बघतेय."

"पण का?" मी विचारलं.

"अजून पश्चिमेला गेलं की एक बेडरूम जास्त मिळते, मिस!"

मी चार पानांच्या नोट्स काढून आणल्या होत्या. त्या दिवशी त्या वाटल्या नाहीत.

*

मग गाडी भरायचा तास. एका कुटुंबाची एक गाडी, वजनाला मर्यादा, सहा महिन्यांचा प्रवास. काय न्याल आणि काय ठेवाल? ही सगळी एअरपोर्टच्या आसपास वाढलेली मुलं. अर्ध्यांचे आईवडील तिथेच कामाला. त्यांना वजन शिकवायला जाणं म्हणजे माझाच आगाऊपणा होता. एकाने शांतपणे विचारलं, "पर बॅग की पर पॅसेंजर?"

मी सांगितलं की बैल थकले की लोक सामान वाटेत टाकून देत. लोखंडी शेगड्या, कपाटं, आजीचं घड्याळ, सगळं रस्त्याच्या कडेला. मुलांनी हळहळावं म्हणून मी जरा आवाजही खाली आणला होता.

मागच्या बाकावरून अब्दी म्हणाला, "हो मिस, टर्मिनलवर पण असंच असतं. माझी मम चेक-इनसमोर बॅग उघडून बसते ना, तेव्हा माझे डॅड तीन जॅकेट्स घालून उभे असतात."

वर्गातल्या प्रत्येकाच्या डॅडनी कधी ना कधी तीन जॅकेट्स घातली होती. पुढची पंधरा मिनिटं फक्त तीच चर्चा झाली.

*

नवे प्रदेश शोधायला निघालेल्यांच्या धड्याला मी गृहपाठ दिला: शाळेतून घरी जाताना, त्या वाटेवर तुमच्या आधी कोणी गेलंच नाही असं समजून डायरी लिहा. बहुतेकांनी कबुतरं आणि बस स्टॉप शोधून काढले.

अब्दीने लिहिलं होतं: "आज मी एक दुकान शोधलं. आत एक माणूस आधीपासून राहत होता. तो म्हणाला, मी इथे तीस वर्षं आहे. मी दुकानाला माझं नाव दिलं. त्याने मला चिप्स दिल्या."

डेबीने ते स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचलं आणि म्हणाली, "पूर्ण मार्क दे. आमच्या लोकांनी तर चिप्सचे पैसेही त्याच्याकडूनच घेतले असते!"

*

यंदा मात्र मला हसू जरा कमी येत होतं. नववीची मुलं वसंतात पुढच्या वर्षांचे विषय निवडतात, आणि हिस्टरी ऐच्छिक आहे. आमच्या हेडनी मला बोलावून गोडीत सांगितलं, की दुसऱ्या वर्गासाठी पंधरा नावं आली नाहीत तर एकच वर्ग ठेवावा लागेल. एक वर्ग डेबी एकटी सांभाळते. उरले मी.

माझा व्हिसा शाळेच्या नोकरीवर आहे. इथे कायमचं राहायची परवानगी मागायला पाच वर्षं लागतात, माझी चार झालेली. नोकरी गेली की दोनेक महिन्यांत दुसरी शोधा, नाहीतर गाशा गुंडाळा. मी घाबरले होते, सरळ सांगते. वर्गात होमस्टेडचा कायदा शिकवताना, "सरकारी जमिनीवर पाच वर्षं सलग राहून दाखवा, कसून दाखवा, दोन साक्षीदार आणा, मग जमीन तुमची," हे वाक्य बोलताना मी मनात माझीच वर्षं मोजायचे.

मग मी जाहिरात करायची ठरवली.

*

शाळेच्या मैदानाच्या एका कोपऱ्यात दोरीने चौकोन आखले. नववीला सांगितलं: उद्या दुपारी शिट्टी वाजली की धावायचं, जो चौकोन पकडाल तो तुमचा. पाच आठवडे टिकवा, काहीतरी उगवून दाखवा.

दुसऱ्या दिवशी मी शिट्टी तोंडाला लावली, तर झाडाखालच्या उत्तम चौकोनांत सात जण आधीच बसलेले! एकाने घडीची खुर्ची आणली होती. मी ओरडले, तर तो म्हणाला, "मिस, अमेरिकेत पण असंच झालं होतं. तुमच्याच पॉवरपॉइंटमध्ये आहे."

तेवढ्यात कीथ आला. कीथ आमचा केअरटेकर. सव्वीस वर्षं ते मैदान तोच कापतो. हातात गवताचं यंत्र, चेहरा लाल. दोऱ्यांकडे बघून म्हणाला, "मला कोणी विचारलं का?"

अमेरिकेच्या मूळ रहिवाशांबद्दल पाच तास घालून मी जे शिकवणार होते ते त्या एका वाक्यात उरकलं.

मुलांनी माफी मागून कीथशी तह केला. झाडापलीकडची सगळी जमीन कीथची, "जोवर गवत उगवतंय तोवर." गोऱ्यांनी त्या मूळ रहिवाशांशी केलेल्या जुन्या तहांतली भाषा मुलांनी मुद्दाम घातली होती.

कीथने चष्मा लावून वाचलं. "गवत? ते तर मी दर गुरुवारी कापतो!"

तरी सही केली. चौथ्या दिवशी एका मुलीचा मुळ्यांचा वाफा झाडापलीकडे गेलेला होता, कारण तिकडची माती बरी होती. डेबीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "चार दिवस? बरेच टिकले!"

*

निवडीच्या शेवटच्या संध्याकाळी पालक हॉलमध्ये आले. माझ्याकडे चौदा फॉर्म होते. कॉम्प्युटर सायन्सच्या टेबलापुढे रांग, आणि शेजारी मी, चॉकलेटांची वाटी पुढे करून बसलेली.

अगदी शेवटी साठे आले. सांगलीचे, कार्गो कंपनीत सिस्टिम्स बघतात. सोबत त्यांची इरा, ती मुळ्यांवाली.

"बाबा, मला हिस्टरी आवडते," इरा म्हणाली.

"मॅडम, स्पष्ट विचारतो, राग मानू नका," साठे म्हणाले. "हिस्टरीला स्कोप काय?"

माझ्याकडे याचं छापील उत्तर होतं. ते बाजूला ठेवून मी इराची प्रोजेक्टची वही त्यांच्यापुढे सरकवली. ते पानं उलटत गेले आणि होमस्टेडच्या नियमांपाशी थांबले.

"पाच वर्षं?"

"हो. सलग."

"सलग म्हणजे? मध्ये घरी जायची वेळ आली तर?"

"सहा महिन्यांच्या आत परत यायचं. त्याच्या वर गेलं की हक्क गेला."

"कारण काहीही असलं तरी?"

"काहीही."

साठ्यांनी वही मिटली नाही. "आम्हालाही व्हिसावर देशाबाहेर राहायला एकशे ऐंशीच दिवस देतात. कुठल्याही बारा महिन्यांत. माझे एकशे त्र्याऐंशी झाले."

"सुट्टी होती?" मी विचारलं, आणि विचारल्याबरोबर जीभ चावली.

"आई. डॉक्टर म्हणाले होते, फार तर दोन आठवडे. आई सहा महिने जगली."

इरा खाली बघत होती.

"मग?"

"मग काय. पाच वर्षं पुन्हा एकपासून मोजायची." त्यांनी खिशातून पेन काढलं आणि फॉर्म पुढे ओढला. "घे, इरा, हिस्टरी घे. निदान तुला तरी नियम आधी कळतील."