'अंदाजे नफा' बघून मी आईला काम सोडायला लावलं

मित्रांनो, आज दुपारी फुलचूरच्या आमच्या घरी कुरिअरवाला आला. मला वाटलं, पार्सलं न्यायला आला. त्याने उलट पोतंभर पार्सलं ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, "मॅडम, सब रिटर्न है."

आई बाळांची दुपटी शिवते, मी ती ऑनलाइन विकते. महिनाभर ॲपवर ऑर्डरी वाढत होत्या आणि खाली दिसायचं, 'अंदाजे नफा साडेसहा हजार'. तो आकडा दाखवून मीच आईला शाळेतलं खिचडी शिजवायचं काम सोडायला लावलं.

आज परत आलेल्या मालाचे पैसे आणि जाण्या-येण्याचा कुरिअर खर्च कापून त्याच जागी उणे चारशे आलं.

"काऊन वापस आले व?" आईने विचारलं. गिऱ्हाइकांनी पार्सलं घेतलीच नाहीत आणि नफाही गेला, हे मी सगळं सांगितलं. ती तशीच शाळेत गेली. तिच्या जागी दुसरी बाई लागली होती.

परत येऊन म्हणाली, "जाऊ दे, तुनं का मुद्दाम केलं का?" मग मशीनवर बसली. "उद्याचे ऑर्डर किती आहेत?"

एकही नव्हती. मी "दोन" म्हटलं.

ती आत शिवून राहिली आहे. ऑनलाइन विकणाऱ्यांनो, सांगा, तिला आता थांबवू कशी?