ब्रेक असलेलं जहाज

जहाजाला ब्रेक नसतो, हे मला एका ग्रीक नौदल अधिकाऱ्याकडून कळलं. तोवर जहाज चालवायला शिकवणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम मी लिहून मोकळा झालो होतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बंगळुरात, इंदिरानगरातल्या एका बंगल्यात आमची छोटी कंपनी होती. ग्रीसमधल्या एका नाविक शाळेचं काम आलं, तेव्हा साहेबांनी विचारलं, समुद्राची माहिती कुणाला आहे? मी हात वर केला. आमचं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातच, बसवनगुडीत मुरलेलं. पाण्याशी संबंध सकाळच्या नळापुरता. पण मराठ्यांचं आरमार होतं ना कधीकाळी, त्या पुण्याईवर काम पटकावलं.

तपासणीला शाळेने आपले एक शिक्षक पाठवले, आरमारातून निवृत्त झालेले कप्तान. आजोबा शिडाच्या गलबतांवर, वडील मालवाहू जहाजांवर, आणि यांची उमेदीची सगळी वर्षं युद्धनौकांवर गेलेली. लहानपणी घरी आई वारा बघून, आज समुद्रावरून कोण परतेल त्या अंदाजाने, किती जणांचा स्वयंपाक करायचा ते ठरवायची, असं ते सांगत. आता त्यांचा धाकटा मुलगा आमच्या प्रोग्रॅमवर शिकणार असलेल्या पहिल्याच तुकडीत होता. म्हणजे कप्तानांनी नापास केलं तर कंपनीचं काम बुडणार, आणि चुकून पास केलं तर त्यांचा मुलगा.

त्यांनी पडद्यावरचं जहाज धक्क्याजवळ आणलं आणि इंजिन बंद केलं. जहाज जागच्या जागी थांबलं. मी कौतुकाची वाट बघत उभा.

"तू रोज काय चालवतोस?" त्यांनी विचारलं.

"स्कूटर."

"दिसतंय."

रविवारी ते मला हलसूरच्या तळ्यावर घेऊन गेले. मी वल्ही धरली ती बघूनच नाववाला म्हणाला, "अण्णा, स्वल्प निधान." म्हणजे दादा, जरा हळू. कप्तान समोर हाताची घडी घालून बसले. मी जोरात वल्हवत सुटलो. त्यांनी थांब म्हटलं, मी थांबलो. नाव थांबली नाही. पुढे एका नावेत एक कुटुंब चित्रान्न, म्हणजे फोडणीचा लिंबूभात, खात होतं. आम्ही जाऊन धडकलो, चित्रान्नाचा डबा तळ्यात. त्यातल्या अक्कांनी माझा जो उद्धार केला, त्याचं भाषांतर मी कप्तानांना 'बंगळुरात स्वागत आहे' असं करून दिलं. त्यांचा विश्वास बसला नाही.

"मग थांबायचं कधी ठरवायचं?"

"चित्रान्न दिसायच्या आधी," मी म्हणालो. तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

त्यानंतर कित्येक दिवस मी जहाजाचा ब्रेक काढत होतो. वजन घातलं, वारा घातला, प्रवाह घातला. कप्तान फिल्टर कॉफी घेऊन माझ्या पाठीशी उभे राहायचे आणि एवढंच म्हणायचे, "अजून जड."

शेवटच्या तपासणीला त्यांनी सुकाणूवर मलाच बसवलं. मी खूप आधी इंजिन बंद केलं, निदान मला तसं वाटलं. जहाज शांतपणे येत राहिलं, येतच राहिलं, आणि धक्क्यात घुसलं. साहेबांनी डोळे मिटले. कप्तानांनी सहीसाठी पेन मागितलं.

"आता हे जहाज झालं," ते म्हणाले. "माझा मुलगाही पहिल्या दिवशी हेच करणार. इथेच करू दे त्याला."

सही झाली. मग मला खुर्चीवरून उठवून ते स्वतः बसले आणि झोपलेलं मूल अंथरुणावर ठेवावं तसं जहाज धक्क्याला टेकवलं. पुन्हा बाहेर काढलं, पुन्हा टेकवलं. साहेबांनी दोनदा कॉफी पाठवली, ती दोन्हीदा मीच प्यायलो.