भेंडीखालची जागा आणि पोलिसांची समिती

पोलीस ठाण्याला स्वतःचा असा एक वास असतो, हे मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी कळले. खळ लावलेल्या खाकीचा, वितळून थिजलेल्या लाखेचा, पावसाळाभर रजिस्टरांच्या पुठ्ठ्यांत मुरलेल्या ओलीचा, आणि या सगळ्यांवर तरंगणारा उकळून काळा झालेल्या चहाचा. त्या कौलारू इमारतीवरून मी रत्नागिरीत कितीतरी वर्षे ये-जा करत होते, पण आत पाऊल टाकले नव्हते. बाईमाणूस त्या पायऱ्या चढले की तिच्या घरात काहीतरी विपरीत घडले आहे, असेच रस्त्यावरची माणसे धरून चालत. मी चढले ती निमंत्रणाने. हातातले सायक्लोस्टाइल केलेले पत्र मी जरा उंच धरले होते, येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसावे म्हणून.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. कोल्हापूरकडचे एक निरीक्षक नुकतेच बदलून आले होते. अंगाने थोराड, आवाजाने त्याहून थोराड, आणि पोलिसाला क्वचितच असते तसे कुतूहल असलेले. नागरिक सल्लागार समितीची कल्पना त्यांची. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी चार वाजता गावातल्या नऊ जणांनी ठाण्यात जमायचे आणि रहदारी, जत्रा, मिरवणुका, बाजार यांबद्दल पोलिसांना सल्ला द्यायचा. "लोकांच्या मनात काय आहे ते मला भांडण झाल्यावर कळतंय," ते पहिल्या दिवशी म्हणाले. "आधी का कळू नये?" मला तो प्रश्न फार आवडला. मी महाविद्यालयात मराठी शिकवत असे. नवांत मी एकटी बाई आणि अक्षर बरे, म्हणून चिटणीसपद माझ्याकडे आले.

पहिली बैठक खुर्च्यांवरच खर्ची पडली. साहेबांनी त्या गोल मांडल्या होत्या. गोलाला वरची बाजू नसते, त्यामुळे मानाने कोणी कुठे बसायचे हे कोणालाच ठरवता येईना. सगळे एकमेकांना "तुम्ही बसा" म्हणत उभे राहिले. अखेर बोटीवरून निवृत्त झालेले एक वृद्ध सारंग दाराजवळच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "गलबत कधीचं धक्क्याला लागलंय. उतरा आता कोणीतरी." मग सगळे बसले.

बाजारातले कापडाचे एक व्यापारी समितीत होते; दुसऱ्या बैठकीत त्यांनी वळणाचा विषय काढला. जेटीकडून येणारा रस्ता बाजारात शिरताना जिथे मुरडतो, तिथे भेंडीचे एक जुने झाड होते, भाजीची भेंडी नव्हे, समुद्रकाठी वाढणारा डेरेदार वृक्ष. त्याखाली एक मासेवाली रोज सकाळी बसे. तिच्यामुळे एसटीला वळायला जागा मिळत नाही, शिवाय नव्या लुगड्याच्या घडीला बांगड्याचा वास लागतो, असे त्यांचे म्हणणे. ते सौम्यपणे बोलले, आणि नंतर सर्वांसाठी आणलेला खाजा त्यांनी स्वतः फिरवला.

साहेबांनी विचारले, "कुणाची हरकत?"

कोणी बोलले नाही. ती शांतता अजून माझ्या कानांत आहे. वरचा पंखा एका पात्याने जरा लंगडत होता. आतल्या खोलीत बिनतारी यंत्र खरखरून गप्प झाले. सारंग आपल्या तळहाताकडे बघत होते, शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक चष्मा पुसत होते, पुसलेला पुन्हा पुसत होते. या शांततेचा अर्थ मला जन्मापासून ठाऊक होता. ज्याचा चहा आपण आत्ताच प्यालो, ज्याचा खाजा अजून दाताखाली आहे, त्याला चारचौघांत तोडून बोलायचे नाही, ही आमच्याकडची रीत. नकार असतो, पण तो बाहेर, पायऱ्यांवर, वहाणा शोधताना सांगायचा असतो.

तसा तो सांगितलाही गेला. पायरीवर एक पाय चपलेत आणि एक बाहेर अशा अवस्थेत सारंग पुटपुटले की वळण चांगले ऐसपैस आहे, अडचण होते ती कापडाचे गठ्ठे रस्त्यावर उतरवून ठेवतात त्यांची. मुख्याध्यापक म्हणाले, तिला उठवून काय साधणार. आणखी दोघांनी माना हलवल्या. मीही हलवली.

मग घरी येऊन मी इतिवृत्त लिहिले. खोलीत जे बोलले जाते तेच इतिवृत्तात येते, पायऱ्यांवरचे येत नाही, अशी माझी समजूत होती. आणि खोलीत हरकत कोणी घेतली नव्हती. 'सदर वळणावरील मासळी विक्रेत्यांस अन्यत्र हलविण्यात यावे, याबाबत समितीचे एकमत झाले.' वाक्याचा तोल मला बरा वाटला. एक अल्पविराम मी आधी 'विक्रेत्यांस'नंतर दिला होता, तो काढून 'यावे'नंतर ठेवला, तेव्हा ते अधिक नीट झाले.

दहाएक दिवसांनी सकाळी कॉलेजला जाताना त्या वळणावर काहीतरी कमी आहे असे वाटले. आधी नाकाला वाटले. ओल्या गोणपाटाचा, खाऱ्या बर्फाचा, ताज्या सौंदाळे-बांगड्यांचा थंड वास तिथे नव्हता, फक्त धूळ आणि डिझेल होते. झाडाखाली जमिनीवर एक गोल गुळगुळीत डाग राहिला होता, वर्षानुवर्षे पाणी शिंपडून झालेला. तेवढ्या जागेतच गवत उगवले नव्हते.

ती मला अकरा वर्षे मासे देत होती. माझे उपासाचे वार तिला पाठ होते. ताजी कोलंबी कुठली आणि भरलेला खेकडा कुठला हे तिने मला बोटाने दाबून शिकवले होते. जेटीवरच्या शेवाळावर घसरून तिचा उजवा गुडघा मोडला तेव्हापासून ती दारोदार फिरणे सोडून झाडाखाली बसू लागली होती. घरात मिळवती ती एकटीच होती. एवढे सगळे मला माहीत होते, आणि वाक्य लिहिताना मला त्यातले काहीच आठवले नव्हते. 'विक्रेत्यांस' असे अनेकवचन लिहून मी तिला बहुतेक स्वतःपासून लपवले होते.

त्याच आठवड्यात ती माझ्या दारी आली. आमच्या आळीला जांभ्याच्या बेचाळीस पायऱ्या आहेत. डोक्यावर टोपली, एक हात कडेच्या दगडी गडग्यावर, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत ती चढली. टोपली उतरवायला मी हात लावला तर ती जड होती. दुपार होत आली होती आणि मासे जवळजवळ सगळे शिल्लक होते.

"तीन घरां झाली सकालपासून," ती म्हणाली. "चौथां तुमचां. पुडं जाववत नाय."

मी पाणी दिले. काय झाले ते तिने थोडक्यात सांगितले. हवालदार आला, कागद दाखवला, उद्यापासून बसू नको म्हणाला. तो वाईट वागला नाही, टोपलीला हातही लावला नाही. पण असे अजून महिनाभर गेले तर टोपली भावजयीच्या डोक्यावर द्यावी लागेल आणि आपण घरात बसावे लागेल. भावजय धंदा करील, ती म्हणाली, पण मग चुलीपाशी शब्द भावजयीचा.

"कागदावर काय हुतां ता मला वाचता येत नाय. पन अक्षर बगितलां. मोत्यासारखां अक्षर."

मी म्हटले, "ते अक्षर माझं आहे."

तिने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. रागावली असती तर मला सोपे गेले असते. तिच्या चेहऱ्यावर फक्त आश्चर्य होते.

"मंग बाय," ती म्हणाली, "तुमी मला इचारलांत का नाय ता?"

दुसऱ्या दिवशी मी एकटीच ठाण्यात गेले. या वेळी हातात पत्र नव्हते. साहेबांनी फाईल काढून माझ्यापुढे उघडली. त्यांना खरेच वाईट वाटले होते, आणि थोडा अभिमानही दुखावला होता.

"बाई, नोकरीत पहिल्यांदा मी लोकांचं ऐकून काही केलं. माझ्या मनानं नाही. एकमताचा ठराव आहे, तुमच्याच हातचा."

"ते एकमत नव्हतं," मी म्हटले. "सगळ्यांची हरकत होती."

"मग कोण बोललं का नाही?"

"बोलले. बाहेर पायऱ्यांवर."

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी त्यांना एखाद्या अनोळखी प्राण्याबद्दल सांगत होते. मग ते हसू लागले. "आमच्याकडं माणूस तोंडावर शिव्या घालतोय आणि मग गळ्यात पडतोय. इथं सगळं गोड. गोडातलं कडू आम्ही वळखायचं कसं, सांगा की." ते थट्टेत बोलले होते, पण प्रश्न खरा होता. एखाद्या विद्यार्थ्याने वही पुढे ओढावी तसे ते पुढे झुकले होते. मी त्यांना एवढेच सुचवले की पुढच्या बैठकीनंतर आपल्या खोलीत जाऊ नका. टोपी आत ठेवा आणि आमच्याबरोबर पायऱ्यांपर्यंत या.

तिसऱ्या बैठकीत नवरात्रातल्या रहदारीवर चर्चा झाली आणि कोणीच कशालाच हरकत घेतली नाही. पाच वाजता सगळे उठले. साहेब बोडक्या डोक्याने आमच्यामागून बाहेर आले आणि सर्वांत खालच्या पायरीवर टेकले. त्यांनी सारंगांना भाट्याच्या खाडीकडून येणाऱ्या वाऱ्याबद्दल काहीतरी विचारले. सारंगांनी त्याचे उत्तर दिले, आणि त्याच दमात, जणू तोही वाऱ्याचाच भाग होता तसे, म्हणाले, "आणि साहेब, त्या वळणावर गाडी अडते ती गठ्ठ्यांनी. टोपली केवढी आणि गठ्ठा केवढा."

कापडवाले शेजारीच वहाण चढवत होते. "सारंग, माझे गठ्ठे बरे दिसले तुम्हाला. तिचे काटे नाही दिसले?"

"काटे दिसायला शिल्लक कुठं राहतात? तुमच्याच घरी जातात की रोज."

हशा पिकला. कापडवालेही हसले, जरा उशिरा. त्यांच्या घरी रोजची मासळी तिच्याकडचीच असे, हे सगळ्या आळीला ठाऊक होते. मग पंधरा मिनिटे त्या पायऱ्यांवर जे चालले, ती समितीची खरी पहिली बैठक. गठ्ठे मागच्या बोळात उतरवता येतील का, एसटी नेमकी कितीला येते, अकरानंतर तिथे ऊन किती, सगळे निघाले. कापडवाले शेवटी म्हणाले, "बसू दे बाईला. माझ्या दारासमोर तेवढी नको." साहेब मध्ये एक शब्दही बोलले नाहीत. सगळे ठरल्यावर मात्र त्यांनी सारंगांना विचारले, हेच आत का बोलला नाही.

"आत तुमचा चहा घेतला होता," सारंग म्हणाले.

नवा मसुदा मी लिहिला, पण ठाण्यात नेण्याआधी तिच्याकडे गेले. ठाण्यात येऊन ऐकायला ती तयार नव्हती. त्या पायऱ्या मी चढले तर सगळी वाडी विचारील, असे तिने निरोपात कळवले होते. खाडीच्या बाजूला तिचे घर होते. अंगणात सुकत घातलेल्या बोंबलांचा तिखट खारा दर्प होता, आणि ती जाळ्याचा फाटका भाग मांडीवर घेऊन बसली होती. मी वाचले: 'सदर महिलेस भेंडीच्या झाडाच्या दक्षिणेस सकाळी अकरा वाजेपर्यंत बसण्यास समितीची हरकत नाही.'

"दक्षीण म्हंजे दुकानाची बाजू की खाडीची?"

"खाडीची. दुकान पलीकडे राहील."

"तितं नवानंतर ऊन येतां. मासा तापतो. उत्तरेला, पान्याच्या नळाकडं लिवा. तितंबी दुकान समोर येत नाय."

मी 'दक्षिणेस' खोडून 'उत्तरेस' लिहिले. तिने जाळ्याची गाठ दातांनी आवळली.

"आनि 'हरकत नाय' म्हंजे आज नाय. उद्या दुसरा सायेब आला आनि त्याची असली तर?"

व्याकरणाच्या इतक्या वर्षांत मला कोणी इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. मी बराच वेळ विचार करून लिहिले की ती जागा तिची राहील, आणि त्यात बदल करायचा झाल्यास आधी तिला विचारले जाईल. ते वाक्य लांबले. आटोपशीर करण्याचा मोह मी आवरला.

"परत वाचा. हलू."

मी हळू वाचले. ती डोळे मिटून ऐकत होती. शेवटी तिने विचारले, "हितं माजां नाव कुटं हाय?"

'सदर महिला' म्हणजे तीच, हे मी समजावू लागले आणि मध्येच थांबले. खोडून तिचे पूर्ण नाव लिहिले, नवऱ्याच्या नावासकट. कागदावर आता तीन खोडाखोडी होत्या. साहेबांनी तो तसाच मंजूर केला, स्वच्छ प्रत मागितली नाही. समितीनेही केला. मुख्याध्यापकांनी तर त्या दिवशी खोलीतच, सर्वांसमोर, एका शब्दाला हरकत घेतली, आणि आम्ही सगळे त्यांच्याकडे बघतच राहिलो.

दीड वर्षाने साहेब बदलून गेले. नव्या साहेबांना समितीत रस नव्हता. बैठका आधी दोन महिन्यांनी, मग दिवाळीपुरत्या आणि मग बंद झाल्या. मी शेवटची इतिवृत्ताची वही ठाण्यात जमा केली. त्या वहीचे पुढे काय झाले, मला माहीत नाही.

पण त्या एका पानाची प्रत मासेवालीकडे होती. प्लास्टिकच्या पिशवीत, बसायच्या पाटाखाली. एका सकाळी मी बांगडे घेत असताना एक नवा, कोवळा शिपाई आला आणि उठ म्हणाला. ती उठली नाही. तिने हात पदराला पुसले, पिशवी सोडली, कागद त्याच्यासमोर धरला. तो वरून वाचू लागला, समितीचे नाव, उपस्थितांची यादी. तिला अक्षर येत नव्हते, पण आपली ओळ कुठे सुरू होते ते तिला पक्के माहीत होते. तिने खवल्यांनी चमकणारे बोट नेमके तिथे ठेवले.

"हितून वाच," ती म्हणाली, आणि माझे बांगडे साफ करू लागली.