क्रेटचे दोन वजा

पोपटकाका "जा की" हे दोन शब्द तीन प्रकारे म्हणतात. पाहुण्यांसमोर असले की शेवट लांब ओढतात, म्हणजे बघा, आपण किती मोकळ्या मनाचे. फोनवर करिश्माताईशी बोलताना सुरुवातीलाच जोर देतात, म्हणजे तुझी आईच निघत नाही त्याला मी काय करू. आणि घरात सिंधूकाकू एकटी समोर असली की इतकं हळू म्हणतात, की मागून काय येणार ते आधीच कळतं. आधी थोडं खाकरणं, मग, "जा की. कोण अडवतंय? फकस्त गाईंचं तेवढं बघ."

सिंधूकाकू माझी चुलती. खुटबावला आमचं आणि त्यांचं घर एकाच अंगणात, दारासमोर दार, त्यामुळे तिकडं ताटली पडली तरी इकडं कळतं ती स्टीलची की जर्मनची. काकू बावन्न वर्षांची. दोन गाई, दीड एकर झेंडू, एक नवरा आणि कुरकुंभच्या केमिकल कंपनीत तीन पाळ्यांत फिरणारा हृतिकदादा, एवढा तिचा पसारा. दादाची पाळी आठवड्याला बदलते, म्हणून काकूची झोपही आठवड्याला बदलते. पगार तेवढा त्याला एकट्याला मिळतो.

दिवसभर तिच्या नावाच्या हाका चालू असतात. काका बसल्या जागेवरून "सिंधूऽ" म्हणतात आणि शेवटी आवाज खाली सोडतात, जसा काही बादलीतला दोर सुटला. दादा मोटरसायकल चालू ठेवून "आये, डबाऽ" म्हणतो. रंभाआत्या भिंतीपलीकडून विचारते, "वयनी, हायसा का वो?" आणि उत्तर यायच्या आत आत आलेली असते. तांबडी गायसुद्धा काकूलाच हाक मारते, मला किंवा काकांना बघून ती कधी हंबरत नाही. एका रविवारी मी मोजल्या. दुपारच्या जेवणापर्यंत त्रेचाळीस. आणि प्रत्येक हाकेला काकूचं एकच उत्तर, "आले." पुढंपुढं तर हाक पुरी व्हायच्या आधीच ती "आले" म्हणायची. मी गंमत म्हणून काकांच्या आवाजात हाक मारली, तर चुलीवरचं दूध सोडून ती धावत आली. त्यानंतर काकांची नक्कल मी तिच्यापुढं केली नाही.

करिश्माताई अंदमानला समुद्राकाठच्या एका रिसॉर्टमध्ये नोकरीला आहे. तिनं आईला अठरा दिवसांसाठी बोलावलं आणि विमानाचं तिकीटच पाठवलं. आळीत बातमी फुटली तेव्हा सोपानआबा काठी टेकत आले, ओट्यावर बसले आणि गंभीर तोंडानं म्हणाले, "अंदमान? काय गुन्हा केला म्हणायचा सिंधूनं?" मग स्वतःच एवढे हसले की पाणी द्यावं लागलं. पाणी अर्थात काकूनंच दिलं.

तिकीट स्वस्तातलं होतं. फक्त हातातली बॅग, आणि ती सात किलोच्या वर नाही. ताईनं फोनवर चार वेळा बजावलं, "आई, दोन साड्या, दोन गाऊन, बस. इथं समुद्रावर कुणी बघत न्हाय. जादा भरलं तर काउंटरवर काढायला लावत्यात."

काकूनं दादाच्या कंपनीनं दिवाळीला दिलेली चाकांची निळी बॅग पुसून घेतली. आत काय ठेवायचं हे तिनं खूप आधी ठरवलं असावं, कारण पाच मिनिटांत बॅग भरून झाली, आणि तरी अर्धी रिकामी होती. तेवढ्यानंच घात झाला. रिकामी बॅग आमच्या आळीला दिसायला नको होती.

आमच्याकडं कुणी परगावी निघालं की ते एकटं निघत नाही, त्याच्याबरोबर अख्खी आळी पिशवीत बसून जाते. रंभाआत्यानं शेंगदाण्याची चटणी आणली, वर म्हणाली, "मी काय जड देत न्हाय बाई, फकस्त अर्धा किलो." पाटीलवाड्यातून कुरडया आल्या. कुणी लाडू. सोपानआबांच्या घरून एक बारकी गोधडी, करिश्माला थंडी वाजत असेल म्हणून. अंदमानात थंडी नसते हे त्यांना कुणी सांगायचं? आणि घेणार नाही असं म्हणायची सोय नाही. दुसऱ्या दिवशी थेट करिश्माताईला फोन, "पोरी, आई निघाल्यावर चटणीचं बघ हां." म्हणजे ती वस्तू पोचेपर्यंत तिच्यावर पहारा.

शेवटी काकांनी स्वतः गिरणीत जाऊन दोन किलो ज्वारीचं पीठ दळून आणलं. नुसती हौस म्हणून नाही. "लेक तिकडं भात खाऊन वाळली," म्हणाले. पिशवीला दोन गाठी मारल्या आणि बॅगेच्या तळाशी घातली.

मग वजन. शेडमध्ये झेंडू मोजायचा काटा आहे, आकडे दिसणारा. बॅगेला चाकं, ती ताटलीवर ठरेना, घसरून जाई. म्हणून काकांनी ती फुलांच्या क्रेटमध्ये बसवली आणि क्रेट काट्यावर ठेवला. रिकामा क्रेट दोन किलो भरतो. तीस वर्षं झेंडू विकून काकांचं तोंड आकडा वाचता वाचताच दोन कमी करतं.

"तेरा. क्रेटचे दोन वजा. अकरा." काका म्हणाले. "चार काढ."

काढायचं कुणाचं? चटणीला हात लावला तर रंभाआत्या, गोधडीला लावला तर आबा, पिठाला लावला तर समोर काका उभेच. काकूनं आपल्या दोन साड्या काढल्या. शाल काढली. घरात घालायच्या चपला, गुडघ्याला लावायच्या तेलाची बाटली, दोन्ही गाऊन. वजन हवं तेवढं हललं नाही, कारण तिचं मुळात होतंच किती. उरलेल्या दोन साड्यांच्या घड्या तिनं पुन्हा घातल्या आणि वर ठेवल्या.

दोन दिवसांनी पुन्हा काटा. "अकरा. क्रेटचे दोन वजा. नऊ. अजून दोन." या वेळी काकांनीच बॅगेत हात घातला, आणि साडीच्या घडीतून एक काळी वस्तू बाहेर आली. काळी लेगिन आणि गुडघ्यापर्यंतचा ढगळा काळा टॉप. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारातनं घेतलेला, किमतीची चिठ्ठी अजून तशीच.

"हे कुणाचं?"

काकू खोटं बोलत नाही. तिला सवयच नाही, म्हणून तिला ते नीट जमलंही नाही. "करिश्माचं," ती म्हणाली.

"मग तिला तिकडं कापड मिळत न्हाय व्हय?" काकांनी ते कॉटवर टाकलं. झालं. एक शब्द जास्त नाही, आवाज चढवणं नाही. काकूनं ते उचललं, चिठ्ठी आत दुमडली, घडी घातली आणि कपाटात ठेवून आली. तेवढ्या वेळात तिला दोन हाका येऊन गेल्या.

संध्याकाळी ती धार काढत होती तेव्हा मी वासरू धरायला गेले. मी विचारलं नव्हतं. तीच बोलली, गाईच्या पोटाला कपाळ टेकवून, चरवीत धारांचा आवाज चालू असताना. माहेरी तळेगावला त्यांची विहीर होती, सात पुरुष खोल. पाठीला रिकामा डबा बांधून भावांनी तिला पोहायला शिकवलं, आणि वर्षभरात ती काठावरून सूर मारायला लागली. लग्न झालं त्या उन्हाळ्यापर्यंत मारत होती. इकडं आल्यावर सुनेनं विहिरीत उतरायचा प्रश्नच नव्हता. त्याला एकतीस वर्षं झाली.

"आणि साडीत पवता येत न्हाय," ती म्हणाली. "पायात गुतती. म्हणून ते घेतलं. करिश्मानं समुद्र दाखवायला बोलवलंय. नुसता बघायला कशाला जाऊ? बघायला टीव्ही हाय."

तिनं पुढच्या सडांना हात घातला. "पाण्याखाली गेलं ना," ती म्हणाली, "की कान गच्च व्हत्यात. वर कोण काय बोलतंय, काय ऐकू येत न्हाय. तेवढं एकदा पायजे मला."

तेवढ्यात घरातून दोर सुटला. "सिंधूऽ."

"आले," काकू म्हणाली आणि चरवी माझ्याकडं दिली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी शेवटचं वजन झालं. त्या दिवशी फुलांचा मोठा तोडा होता, सगळे क्रेट भरून पुण्याला मार्केट यार्डात गेले होते. काकांनी बॅग ताटलीवर आडवी घातली. लाडू दोन घरांत वाटून कमी केले होते, तर पाटीलवाड्यातून तेवढ्याच वजनाच्या आणखी कुरडया आल्या होत्या, बाकी सगळं जिथल्या तिथं. काका वाकले. "नऊ. दोन वजा. सात. बसलं गणित." काकू शेजारी उभी होती. ती काट्याकडं बघत होती, मग काकांकडं, मग पुन्हा काट्याकडं. बॅग उचलून घरात घेऊन गेली आणि दार लोटून घेतलं. पहाटे गाडीत बॅग ठेवताना मी चेन सारखी केली तेव्हा वरच्या साडीच्या घडीत काळी किनार दिसली. साडीला काळी किनार नव्हती. मी चेन पुरती ओढून घेतली.

यवतपासून लोहगावपर्यंत काका सूचना देत होते. खिडकीतून हात काढू नको. तिकडं कुणी काही दिलं तर खाऊ नको. तांबडीनं लाथ मारली तर काय करायचं, ते मात्र त्यांनी तिलाच विचारलं. दादा रात्रपाळी करून आला होता, तो सिग्नलला डोळे मिटायचा. काकू "व्हय" म्हणत होती. दर अर्ध्या मैलाला एक "व्हय."

विमानतळाच्या दारात गणवेशातल्या जवानानं तिकीट आणि आधार बघितलं आणि तिला एकटीला आत सोडलं. काचेतून आम्हाला काउंटर दिसत होता. तिथल्या मुलीनं बॅग पट्ट्यावर ठेवायला लावली. मग काहीतरी बोलली. मग काकांचा फोन वाजला.

"नऊ भरतंय," काकूचा आवाज आला. "दोन किलो काढा म्हणत्यात."

"कसं काय नऊ? सात भरलं व्हतं." काका काचेला नाक लावून उभे. "त्यांचा काटा खोटा आसंल. बरं, ऐक. साड्या काढ. अंगावर एक हाय की. आतल्या दोन्ही काढ आन् दारात आणून दे."

मी आजवर काकूच्या तोंडून काकांच्या सांगण्याला तीनच उत्तरं ऐकलीत. आले, व्हय आणि बरं. या वेळी तीनपैकी एकही आलं नाही. फोन बंद झाला.

आत, लोकांच्या मधोमध, काकू खाली बसली आणि तिनं बॅग उघडली. वरच्या दोन्ही साड्या उचलल्या आणि बाजूला ठेवल्या. काका म्हणाले, "बघ, काढल्या." माझा जीव गेला. मग ती कोपरापर्यंत हात घालून तळाशी गेली. चटणी वर आली, कुरडया वर आल्या, गोधडी वर आली, आणि शेवटी दोन गाठी मारलेली पिठाची पिशवी. बाकी सगळं तिनं परत आत घातलं. साड्या सगळ्यात शेवटी, हातानं दाबून, चेन लावून.

ती पिशवी घेऊन दाराशी आली. जवान म्हणाला, "माताजी, बाहर निकलीं तो फिर लाइन में लगना पड़ेगा." म्हणून ती उंबऱ्याच्या आतच उभी राहिली आणि तिथूनच हात लांब केला.

"हे कशाला?" काका म्हणाले. "करिश्माला नेत व्हतीस ना?"

"करिश्मा भात खाती आता. तुमच्याच्यानं भात जात न्हाय. अठरा दिस पुरंल हे, बेतानं थापलं तर."

"आगं, पण सात भरलं व्हतं. मी सवता बघितलं."

"खाली क्रेट न्हवता," काकू म्हणाली. "तुम्ही तरीबी दोन वजा केलं. मी बघितलं व्हतं."

काकांनी पिशवी छातीशी धरली. "मंग तवाच बोलली का न्हाईस?"

काकूनं जरा विचार केला. तिला खरंच नीट सांगायचं होतं असं वाटलं. "बोलले असते तर ते दोन किलो घरात निघालं असतं," ती म्हणाली. "आन् घरात माझंच निघतंय."

मग ती गेली. एकदा तिनं हात वर केला, मला वाटलं आम्हाला, पण ट्रॉल्यांची रांग ढकलत येणाऱ्या माणसाला ती थांब म्हणत होती. तो थांबला.

परतीला उरुळी कांचनपर्यंत काका पीठ मांडीवर घेऊन बसले होते. मग एकदम, अपघाताचा जबाब द्यावा तसे, म्हणाले, "नऊ दिसलं. मी दोन वजा केलं." दादा म्हणाला, "व्हय, बाबा."

चौथ्या दिवशी मी त्यांच्याकडं गेले तर काका परातीपुढं बसले होते. हात कोपरापर्यंत पांढरे, तव्यावर नकाशासारखं काहीतरी. तांबडीनं दोन दिवस दूध चोरलं होतं. दादा डब्यात वडापाव नेत होता. सवयीनं काकांनी भिंतीकडं तोंड करून "सिंधूऽ" असं अर्धं म्हटलं, आणि उरलेलं गिळलं. मग मला म्हणाले, करिश्माला फोन लाव, तिच्या आईला विचारायचंय, पीठ गरम पाण्यात भिजवायचं का गार.

मी फोन लावून स्पीकरवर टाकला. तिकडं वारा होता आणि पाण्याचा मोठा, न थांबणारा आवाज.

"आईला दे," काका म्हणाले.

"ती आत हाय, बाबा. पाण्यात," करिश्माताई म्हणाली. "तासभर झाला. मी काठावरनं हाका मारमारून दमले. डोकं वर काढती, श्वास घेती आन् परत खाली जाती. तिला ऐकूच जात न्हाय."

काकांनी पिठाचे हात परातीच्या कडेला पुसले. तव्यावरचा नकाशा एका बाजूनं जळायला लागला होता.

"पण ती तिकडं पाण्यात घालती काय?" त्यांनी विचारलं.

"काळा ड्रेस हाय तिचा," ताई म्हणाली. "तुम्ही बघितला न्हाय व्हय?"

काकांनी जळकी भाकरी उलथली. मग म्हणाले, "बघितलाय. मारू नको हाका. आल्यावर विचार, गरम का गार."