विहीणबाईंनी भरलेली ओटी

शिमग्याची पालखी वाडीत येणार त्याच्या आदल्या दिवशी मुंबईहून फोन आला: आमच्या भावकीतले एक आजोबा गेले. मन हळहळलं आणि पाठोपाठ धास्तावलंही. सुतक लागलं, म्हणजे पालखी आमच्या अंगणात येणार नाही आणि घरातल्या कुणालाही देवीची ओटी भरता येणार नाही. बाळांनो, त्या ओटीसाठीच तर तुम्ही सगळे मॉरिशसहून पोलादपूरच्या या डोंगरातल्या वाडीवर आला होता आणि पालखी झाली की लगेच परतणार होता.

छोट्या, तू वेळेआधी जन्मलास. काचेच्या पेटीत होतास तेव्हा महाडच्या घरी देवघरापुढे बसून मी ग्रामदेवीला म्हटलं, पोर वाचू दे, पालखीत तुझी ओटी भरीन. त्याच दिवसांत तिकडे मॉरिशसला तुझ्या आईची आई, आमच्या विहीणबाई, एका जुन्या पाद्रीबाबांच्या समाधीवर अनवाणी जाऊन मेणबत्ती लावून आल्या. त्या गळ्यात क्रूस घालतात. त्यांची आई मात्र मराठी घरातली. तिच्या पूर्वजांना गोऱ्यांनी उसाच्या मळ्यांवर नेलं होतं. त्या समाधीच्या रांगेत हिंदू, मुसलमान, चिनी सगळे असतात, आणि गणपतीच्या मिरवणुकीत शेजारचे ख्रिस्ती नाचतात म्हणे. ऐकायला मला गोड वाटे. आपल्या वाडीत ते चालेल, असं मात्र वाटत नव्हतं.

वाडीतल्या सर्वांत वयस्कर मानकऱ्यांना मी विचारलं, काही वाट आहे का?

"नाय वैनी, सुतकात नाय चालायचं." मग त्यांची नजर तुमच्याबरोबर आलेल्या, ओट्यावर शेंगा सोलत बसलेल्या विहीणबाईंकडे गेली. "ह्या कोन?"

"सुनेची आई."

"मंग परघरच्या. त्यांना कसलं आलंय सुतक?"

शेजारच्या काकू फणकारल्या, "अवो, क्रूस हाय तिच्या गळ्यात! आनि जेवली हाय यांच्याच घरात."

"मंग आंघोळ करून आज तुझ्याकडं जेवू दे गो. तुझं तिखट पचलं, तर देवी पावलीच समज!"

सगळे हसले, काकूसुद्धा. मी विहीणबाईंना इंग्रजीत सगळं समजावलं. त्या लगेच उठल्या. "आईनं शिकवलंय मला. नारळाची शेंडी देवीकडे करायची, हो ना?"

दुसऱ्या दिवशी काकूंच्या अंगणात पालखी टेकली. आम्ही रस्त्याच्या अलीकडे, लांब उभे होतो. काकूंची हिरवी साडी नेसलेल्या विहीणबाईंनी खण, तांदूळ, नारळ देवीपुढे ठेवले, हात जोडले आणि सवयीनं छातीवर क्रुसाची खूण केली. ढोल थबकला. गुरवानं शांतपणे त्यांच्या कपाळाला अंगारा लावला, आणि ढोल असा कडाडला की समोरच्या डोंगरातून त्याचा आवाज उलटून आला! भोयांनी पालखी खांद्यावर नाचवली. नाचता नाचता ती फिरली, आमच्या घराकडे तोंड करून तीनदा झुकली. नंतर भोई म्हणाले, "आमी नाय फिरवली, काकी. खांद्यावरच फिरली." छोट्या, तू बाबाच्या कडेवर टाळ्या पिटत होतास, आणि तुझी ती आजी पालखीपुढे पदर खोचून नाचत होती, काकूंचा हात धरून.

ओटी माझ्याच हातानं भरली जावी, एवढाच माझा हट्ट होता. देवीनं नवस घेतला आणि हात स्वतः निवडले. आजही मी तिच्याकडे पुष्कळ मागते. फक्त ते कुणाच्या हातून यावं, हे आता तिला सुचवत नाही.