बंदूक नाकारणाऱ्याच्या गावात

तीन वर्षं जी बाई माझ्याशी फक्त कचऱ्यावरून बोलली, ती एकदम "माझ्या गावाला चल, तिकीट माझं" म्हणाली. कुठंतरी पाणी मुरतंय, हे मी लगेच ओळखलं! कुरोदासान म्हणजे इथं जपानात, ओजिमातल्या आमच्या इमारतीत, आमच्याच मजल्यावरच्या पंचाहत्तरीच्या आजी.

"अगं, जा की. तुला सगळ्यांचाच संशय," नवरा म्हणाला. खरंय. भूकंपात अणुभट्टी फुटल्यापासून मशरूमचं पाकीट कुठल्या भागातलं ते वाचल्याशिवाय मी घेत नाही.

शिंजुकूहून नागानोची बस घ्या, ट्रेनपेक्षा बरीच स्वस्त पडते. वाटेत कुरोदासान बोलायला लागल्या. युद्धात त्यांच्या वडिलांनी धर्माला पटत नाही म्हणून बंदूक हातात घेतली नाही. आधी तुरुंग, मग त्यांच्यासारख्याच दोघातिघांबरोबर जंगलातल्या छावणीत कोळसा पाडायचं काम. इकडे गावानं घर वाळीत टाकलं. भातलावणीला कुणी येईना, वाटेत कुणी बोलेना. आता त्याच गावानं छावणीपाशी त्यांच्या आठवणीचा फलक उभारला होता आणि अनावरणाची दोरी ओढायला कुरोदासानना बोलावलं होतं.

"मग मी कशाला?"

"एकटीनं जेवायचा कंटाळा येतो."

मला काही हे पटलं नाही.

नागानोहून पुढं गावाकडची बस दिवसातून दोनदाच, तेव्हा परतीची वेळ आधी बघून ठेवा. फलक उभारणाऱ्या समितीच्या लोकांनी सोबा नूडल्स वाढल्या. शाकाहारी असाल तर जपा, त्या बुडवून खायच्या पाण्यात माशाचा अर्क असतो, मी आपल्या मीठ लावून खाल्ल्या. सगळे इतके गोड बोलत होते की माझा संशय वाढतच गेला.

छावणीतल्या कोळशाच्या भट्ट्यांपर्यंत अर्ध्या तासाची चढण आहे, बूट घाला. दगडी भट्ट्या नेच्यांनी भरल्यात. कुरोदासाननी आत हात घातला, बोटं काळी झाली. त्या हात धुवायला ओढ्यावर गेल्या आणि समितीचे दोघं माझ्या शेजारी फलकावर कापड बांधायला लागले. मला जपानी कळत नाही, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं.

"दोरी तिनं ओढली की झालं. फलकावरचं 'गावानं जपलं' हे तिलाच मान्य असल्यासारखं दिसेल."

"आणि माफीचं काय?"

"आता कशाला उकरायचं?"

मी वेड्यासारखी हसत राहिले. मग ओढ्यावर जाऊन कुरोदासानना सगळं सांगितलं. त्या जरासुद्धा दचकल्या नाहीत.

"म्हणूनच तुला आणलं. माझ्यासमोर ते बोलले नसते, परदेशी बाईसमोर बोलतात."

अस्सा राग आला मला! अहो, सरळ सांगायचं ना!

समारंभात अध्यक्षांनी त्यांच्या हातात दोरी दिली. त्यांनी ती परत अध्यक्षांच्याच हातात ठेवली, कमरेत वाकून नमस्कार केला, "तुम्हीच ओढा," म्हणाल्या आणि उतरायला लागल्या. मी मागोमाग. वळून पाहिलं, तर कापड तसंच होतं आणि सगळे जमिनीकडे बघत उभे होते.

तुम्ही जरूर जा. जंगल सुंदर आहे, भट्ट्या बघण्यासारख्या आहेत. फलकावरचं मात्र तपासून घ्या. मला कुरोदासानचा अजून थोडा राग आहे, त्यांच्या गावाचा जास्त.

ओजिमाला परतल्यावर लिफ्टपाशी मी विचारलं, "तुम्हाला नक्की हवं काय होतं?"

"एकानं तरी 'चुकलं आमचं' म्हणायला हवं होतं. लगेच ओढली असती."

"एवढंच?"

"इतकी वर्षं एवढंच," त्या म्हणाल्या आणि घरात जाऊन दार लावून घेतलं.