मामांचे भाडेकरू

माझ्या आईच्या मावसभावाइतका आदबशीर यजमान अख्ख्या तंजावरात झाला नाही, आणि आल्यागेल्याला इतक्या लाथाही दुसऱ्या कोणी घातल्या नसतील. दोन्ही गोष्टी एकाच माणसाबद्दल आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. मामा माणसाला "या, या, बसा, कापी घेणार ना?" म्हणून हात धरून समोरच्या बाकावर बसवत, आणि तो बिचारा टेकतो न टेकतो तोच मामांचा उजवा पाय ताडकन सुटून त्याच्या नडगीवर बसे. पाहुणा कळवळे. मामा आपल्याच पायाकडे बघून म्हणत, "अहो, घरी आलेल्या माणसाशी असं वागतात? माफी मागा." पाय कसली माफी मागतोय! मग मामाच मागत आणि वर दुसरी कापी, म्हणजे आपली कॉफी, पाजत. त्या दुसऱ्या कापीसाठी गल्लीतले काही लोक मुद्दाम नडगी पुढे करून बसायचे, असा माझा दाट संशय आहे. पाहुणा निघाला की मात्र मामांचा चेहरा उतरे. जाणाऱ्याला यजमानाने उठून उभं राहून निरोप द्यावा, ही त्यांच्या आईची शिस्त होती. "माफ करा, उठवत नाही," असं ते प्रत्येकाला म्हणत, अगदी त्यांच्या टेलिफोन बूथवर फोन करून निघालेल्या गिऱ्हाइकालासुद्धा.

मामांचं कमरेखालचं सगळं गेलं होतं. नवरात्रात आमच्याकडे घरोघरी कोलू मांडतात, म्हणजे पायऱ्या रचून त्यांवर बाहुल्या बसवतात. त्या बाहुल्या माळ्यावरून काढताना मामा शिडीवरून उताणे पडले. हातात तंजावरची ती गोल बुडाची बाहुली होती, कितीही आडवी पाडा, डोलत डोलत पुन्हा उभी राहणारी. "दोघं एकदमच पडलो," मामा सांगत, "ती उठली." एवढं सांगून ते स्वतःच आधी खो खो हसत, म्हणजे ऐकणाऱ्याला हसायची परवानगी मिळे. मणका दुखावला तो दुखावलाच. मामांनी हलवले तर पाय हलत नसत आणि नको तेव्हा आपले आपण उसळत. डॉक्टर त्याला स्नायूंचे झटके म्हणत. मामा 'भाडेकरू' म्हणत. "वरचा मजला माझा अहे, खालचा त्यांचा. माझं ऐकत नाहीत, मला विचारत नाहीत, आणि कोर्टात गेलं तरी घर सोडायचे नाहीत." ('आहे'ला आम्ही तंजावरकर 'अहे' म्हणतो. आमची मराठी तिकडची जुनीपुराणी, वर तिच्यात तमिळचा सूर. लग्न होऊन सोलापूरला आले तेव्हा मी बोलते आहे की भांडते आहे, हे माझ्या सासूबाईंना वर्षभर कळत नव्हतं. पुढे कळलं, तेव्हा मी खरंच भांडत होते.)

तो काळ गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ निघण्याचा. अपंगांना ते आधी मिळत, म्हणून मामांनी ओसरीतच एक थाटला. काचेची खोली, लाल आकड्यांचं यंत्र, आणि दाराशी चाकांच्या खुर्चीत मामा. टेलिफोनच्या धंद्यात पडल्यावर त्यांना आपल्या दुखण्याचाही उलगडा झाला. "वरून येणारी ट्रंक लाइन तुटली अहे. पण खालचं एक्स्चेंज चालू अहे ना! गुडघा नि कंबर दिवसभर आपसात लोकल कॉल करत बसतात, मला कोणी जोडून देत नाही." मामांच्या डॉक्टरांनी हे ऐकलं तेव्हा ते म्हणाले, मला कॉलेजात हेच समजावायला प्रोफेसरांनी फार वेळ घेतला होता. एकदा तर भाडेकरूंनी ऐन बोलण्यात टेबलाखालच्या वायरीला लाथ मारली आणि एका गृहस्थाचं मुंबईच्या व्याह्यांशी चाललेलं कडाक्याचं भांडण मधेच तुटलं. पुन्हा लाइन लागेपर्यंत दोन्हीकडचा राग गेला होता. तेव्हापासून तो माणूस व्याह्यांना फोन करायचा तो मामांकडूनच.

भाडेकरूंची मर्जी सांभाळणं हे घरातलं एक मोठं खातंच होतं. गार पाणी त्यांना चालत नसे. वेष्टीची, म्हणजे लुंगीसारख्या धोतराची, गाठ घट्ट झाली, चादरीला सुरकुती पडली, एखादा डास चावला, रस्त्यावर लॉरीने भोंगा वाजवला, की झाले सुरू! गुडघ्यांखाली उशी लागे, नडग्यांना मामीच्या जुन्या सुती साडीचा मऊ पट्टा लागे. एकदा सकाळपासून दोन्ही पाय नुसते थयथयाट करत होते. मामा म्हणाले, "खाली काहीतरी बिनसलं अहे." मामीने लघवीची नळी पाहिली, दुमडलेली नव्हती. चादर झटकली, नखं तपासली, काही नाही. शेवटी चपलेत चिंचोका सापडला, चांगला टाचेखाली रुतलेला. चिंचोका काढला आणि पाय बाळासारखे निजले. मामांना केवढा अभिमान! "बघ, मला पत्ताच नव्हता. त्यांनी कळवलं." आठवडाभर तो चिंचोका बूथच्या काचेशी ठेवलेला होता, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला.

खरी हुकमत भाडेकरूंवर एकाचीच चालायची, मामांच्या एकुलत्या एक मुलीची. रुक्कू अगदी लहान असताना हे पडणं झालं. तिला बापाचे पाय आठवतात ते असेच, उड्या मारणारे, आणि तिला त्यात काही वावगं वाटलंच नाही. दुसऱ्यांचे वडील पायांनी चालत, हिचे वडील पायांनी गंमत करत, एवढंच. शाळेत जाऊ लागल्यापासून रोज सकाळी ती त्यांचे पाय ताणून द्यायची. गुडघ्यावर नुसता तळवा ठेवायचा आणि थांबायचं. आत काहीतरी थरथरून शांत झालं की मग हळूहळू भार द्यायचा. "दार वाजवल्याशिवाय शिरायचं नाही अक्का," ती मला सांगायची. मी एकदा घाईत न थांबताच भार द्यायला गेले. माझा चष्मा अंगणात सापडला.

अशा त्या रुक्कूचं लग्न ठरलं. मुलगा सेलमचा, आपल्यातलाच, बँकेत कामाला. सगळे खुश, फक्त एक अडचण होती आणि ती मांडीची होती. आमच्या लग्नांत मंगलाष्टकं मराठी आणि बाकी बरंचसं तमिळ शेजाऱ्यांचं. त्यातलीच एक रीत म्हणजे ताली, म्हणजे आपलं मंगळसूत्र, बांधताना मुलगी बापाच्या मांडीवर बसते. आणि ताली बांधायच्या क्षणी भटजींनी बोट वर केलं की नादस्वर आणि तविल, म्हणजे तिकडची सनई आणि ढोल, एकदम कडाडतात. त्याला गेट्टी मेळम म्हणतात. कुणाची शिंक, कुणाचा वाकडा शब्द त्या घडीला वधूवरांच्या कानी पडू नये म्हणून हा दणदणाट. आता बघा, लॉरीच्या भोंग्याने उडणारे पाय, मांडीवर नऊवारी नेसलेली नवरी, आणि कानाशी तविल! धाकटे मामा, म्हणजे मामांचे सख्खे भाऊ, पापनाशमहून खास येऊन म्हणाले, "अण्णा, मी घेतो मांडीवर. चुलता म्हणजे बापच."

"मुलगी माझी अहे. मांडी माझी अहे," मामा म्हणाले.

"मांडी तुझी अहे रे, पण ती ऐकते कोणाचं?"

ते तपासायलाच हवं होतं. म्हणून तालमी सुरू झाल्या. आधी तांदळाचं पोतं. धाकट्या मामांनी ते मांडीवर आदळलं मात्र, भाडेकरूंनी असं भिरकावलं की शिवण उसवून तांदूळ थेट बूथपर्यंत गेला. आत मद्रासला फोन लावून उभ्या असलेल्या बाई "इथे अक्षता पडताहेत, नंतर बोलते" म्हणून बाहेर आल्या. मग भला थोरला कोहळा आणला. तो फुटला, आणि पुढे कितीतरी जेवणं आम्ही कोहळ्याचं सांबार आणि कोहळ्याचं कूटू खात होतो. मग माझ्यावर नजर गेली. मी माहेरपणाला आले होते आणि माहेरपण अंगावर दिसत होतं. "कोहळ्यानंतर हीच," धाकटे मामा म्हणाले. मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण बसले. क्षणभर काहीच झालं नाही. मी ऐटीत मामीकडे पाहिलं, आणि त्यापुढचं मला जे आठवतं ते ओसरीच्या खालच्या पायरीवरून आठवतं.

आवाजाची सवय व्हावी म्हणून पलीकडच्या गल्लीतले तविलवाले बोलावले. त्यांनी भर सकाळी ओसरीत गेट्टी मेळम ठोकला, पाय छताकडे उडाले, आणि शेजारच्या चार बायका रेशमी पट्टुसाड्या नेसून, फुलं माळून हजर झाल्या. आम्हाला न सांगता लग्न उरकलं म्हणून त्या इतक्या रागावल्या की त्यांना इडली-कापी घालून शांत करावं लागलं. तविलवाले मात्र भारावले होते. आजवर त्यांना लोकांनी माना डोलावून दाद दिली होती, पायांनी कोणी दिली नव्हती. ते रोज फुकट यायला तयार झाले.

रुक्कू म्हणत होती, "मला बसू द्या ना एकदा." मामीने साफ मोडता घातला. शुभकार्याची तालीम नवरीने करायची? अय्यो, भलतंच काय! त्यामुळे पोतं बसलं, कोहळा बसला, मी बसले, आणि जिला बसायचं होतं ती सोडून सगळ्यांची पाळी झाली. राहता राहिली झटक्यांवरची गोळी. डॉक्टर म्हणाले, वाढवतो, पाय गप्प राहतील. एक दिवस वाढवून पाहिली तर पायांबरोबर मामाही गप्प झाले. बूथवर बसल्या बसल्या घोरत होते, लाळ गळत होती. जाग आल्यावर चिडले. "मुलीच्या लग्नात मी पोतं होऊन बसू? मग ते तांदळाचंच बसवा की!"

त्या दुपारी बूथवर गिऱ्हाईक नव्हतं. मी त्या उसवलेल्या पोत्यातला तांदूळ निवडत होते, त्यात अजून अंगणातले खडे निघत होते. मामा एकदम म्हणाले, "तिला शाळेत पोचवायला मी गेलो नाही. सायकल शिकवली नाही. जत्रेत खांद्यावर घेतलं नाही. बापाने करायचं सगळं उभ्याने करायचं असतं गं. हे एकच अहे, बसून करता येण्यासारखं." मी खडे निवडत राहिले.

लग्नाच्या दिवशी मामा रेशमी वेष्टी नेसून मांडवात बसले ते फाशीची शिक्षा झाल्यासारखे. धाकटे मामा एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, पकडायला. तविलवाले डोळे लावून पायांकडे बघत होते, नवऱ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. भटजी म्हणाले, "मुलीला मांडीवर घ्या." रुक्कू आली. बसली नाही. वाकून तिने बापाच्या दोन्ही गुडघ्यांवर तळवे ठेवले आणि थांबली. भटजी घड्याळ बघू लागले, "मुहूर्त, मुहूर्त" करू लागले. ती थांबलीच. मग अगदी सावकाश, एकेका मांडीवर भार टाकत ती टेकली. भटजींचं बोट वर गेलं आणि गेट्टी मेळम असा कडाडला की माझी कर्णफुलं हलली. रुक्कूच्या साडीचे काठ थरथरले. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ताली बांधून झाली होती, अक्षता पडत होत्या, आणि भाडेकरू शहाण्यासारखे बसले होते.

मग नवऱ्याने तिचा हात धरला आणि होमाकडे न्यायला तिला मांडीवरून उठवलं. भार उठला मात्र, मामांचे दोन्ही पाय सरळ झाले. आधी गुडघे, मग मांड्या, मग कंबर, सगळं एकदम ताठ, आणि मामा खुर्चीतून वर आले. धाकट्या मामांनी आणि मी त्यांना काखेत धरलं, पण आम्ही नुसते धरून होतो, उचललं नव्हतं. मामा उभे होते. रुक्कूने वळून पाहिलं आणि जागच्या जागी थांबली. तविलवाल्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी आपण होऊन पुन्हा एकदा गेट्टी मेळम सुरू केला. ती होमापाशी जाऊन बसेपर्यंत मामा उभे राहिले, मग पाय सैल पडले आणि आम्ही त्यांना खाली बसवलं. "माझ्या भाडेकरूंना रीत अहे," मामा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, आणि मांडवभर हशा पिकला.

आता तो बूथ नाही, मामाही नाहीत. पण वरात गेल्यानंतरची ती संध्याकाळ माझ्या मनातून जात नाही. मांडवाचे केळीचे खांब सोडत होते. मामांनी मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं, "डोळ्यांत होमाचा धूर होता गं, काही दिसलं नाही. आणि खालचं तर मला कधीच कळत नाही. खरं सांग, मी उभा होतो?"

"होतात मामा. चांगले ताठ."

"तिने पाहिलं?"

"वळून पाहिलं."

मामांनी दोन्ही मांड्यांवर हलकेच थोपटलं आणि खाली बघून म्हणाले, "राहा रे अजून. घर तुमचंच अहे."